रखवालदाराच्या झोपडीतला दगड

रात्री आकाशातून आगीचा गोळा सरकत गेला असं कुणी सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो. अडीचशे वर्षांपूर्वी विद्वानांचीही तीच तऱ्हा होती. १७६८ साली फ्रान्समधल्या ल्यूसे गावी आकाशातून दगड पडल्याचं शेतकरी सांगत होते. लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला आणि ठरवलं, की दगड पृथ्वीवरचाच आहे, त्यावर वीज पडली असावी.

हा समज मोडण्यात आपल्या काशीजवळच्या क्राखूत गावाचा मोठा वाटा आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमाराला तिथल्या लोकांनी लखलखीत अग्निगोल पाहिला, गडगडाट ऐकला. शेतांत माती उकरलेली दिसली आणि तिथे दगड सापडले. एक दगड तर रखवालदाराच्या झोपडीचं छप्पर फोडून जमिनीत रुतला होता. जॉन लॉइड विल्यम्स यांनी या हकिकती नोंदवल्या. दगड लंडनला गेले. एडवर्ड हॉवर्ड यांनी ते १७९५ साली इंग्लंडमध्ये पडलेल्या दगडाशी ताडून पाहिले. हजारो मैल दूर पडलेल्या दगडांची घडण सारखीच निघाली. त्यांतल्या लोखंडात निकेल होतं. हे १८०२ साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेगल इथे दगडांचा वर्षाव झाला. बियो यांनी गावोगाव फिरून साक्षी गोळा केल्या आणि शंकेला जागा उरली नाही.

मी भिवंडीचा. आमच्याकडे यंत्रमागाच्या रात्रपाळीतून चहाला बाहेर पडणारा कामगार हा मला त्या रखवालदाराचा भाऊबंदच वाटतो. गाव झोपलेलं असताना आकाश त्याच्याच नजरेला पडतं. मात्र पाहिलेलं नेमकं सांगता यायला हवं. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात अनेकांनी आकाशात जळते पट्टे पाहिले. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं सापडलं. तो चिनी अग्निबाणाचा निकामी भाग असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं. असे तुकडे तुलनेनं संथ, रांगेनं जातात. उल्का बहुधा काही सेकंदांतच विझते.

तेव्हा असं काही दिसलं, तर आधी घड्याळ पाहा. दिशा आणि किती सेकंद दिसलं ते लिहून ठेवा. मग दोन-चार मिनिटं कान देऊन थांबा, कारण आवाज उजेडाच्या मागून येतो. हसणारे हसोत; क्राखूतचे लोक बोलले म्हणूनच ते दगड लंडनपर्यंत पोहोचले.