शस्त्रवैद्याचा हात आणि शिष्याची दृष्टी

हाताने करावयाची विद्या केवळ ऐकून येत नाही, हे आम्हा शिक्षकांना नव्याने सांगावयास नको. पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या बालकाला प्रथम गुरुजींचा हात दिसावा लागतो, आणि मग गुरुजींना बालकाचा हात दिसावा लागतो. शस्त्रक्रियेच्या शिक्षणाचेही असेच आहे. आज वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी जखम शिवणे, दोऱ्याची गाठ मारणे हे प्राथमिक पाठ व्हिडिओवरील चलच्चित्र पाहून घेऊ लागले आहेत. ही रीत नवी दिसत असली तरी तिच्या पाठीमागे दीर्घ इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ घडला, म्हणून तो स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात शिष्याने सराव कसा करावा ते सांगितले आहे. छेद घेण्याचा अभ्यास कोहळा, दुध्या भोपळा, काकडी यांवर करावा. भेदन पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर. शीर उघडण्याचा अभ्यास मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठावर. शिवण्याचा जाड वस्त्रावर व मऊ कातड्यावर. आणि पट्ट्या बांधण्याचा माणसाएवढ्या बाहुल्यावर. सर्व शास्त्रे पढलेला शिष्यही सरावावाचून कामास अयोग्यच, असे आचार्यांचे मत होते. मात्र ज्याने कोहळा चिरावयाचा, त्याच्याशेजारी पाहणारा गुरू बसलेला आहे, हे त्या काळी गृहीतच होते.

पुढे ही विद्या ग्रंथांपेक्षा काही घराण्यांच्या हातांत अधिक राहिली. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा शेतकरी जातीचा मराठा टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करावयाचा, तो उघडून कपाळावर ठेवून त्याच्या कडेने रेघ ओढावयाची, तेवढी त्वचा सोडवून घ्यावयाची, पण दोन भुवयांमधला एक बारीक पट्टा जोडलेला ठेवावयाचा, म्हणजे रक्त खेळते राहते. मग ती त्वचा खाली वळवून बसवावयाची. ती चिकटविण्यास वापरला कात, आपण विड्यात खातो तोच! चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या कापडाच्या घड्या ठेवावयाच्या आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टा कापावयाचा.

मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली आणि तिचा वृत्तांत चित्रासह ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये पत्ररूपाने छापून आला. त्या चित्रात कावसजीचा चेहरा आहे, कपाळावरील आकृती आहे. कारागिराचे नाव मात्र कोठेही नाही, आणि त्याचे हातही चित्रात नाहीत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आपल्या आज्यापणज्यांच्या छायाचित्रांसमोर उभे राहिलेल्यास ही उणीव ओळखीची वाटेल.

तरीही त्या एका पानाने केवढे कार्य केले! लंडनचे शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी ते वाचले, वीस वर्षे शवांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका सैनिकी अधिकाऱ्यावर ती क्रिया यशस्वीपणे केली. १८१६ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि युरोपात या शस्त्रक्रियेचा पुन्हा प्रसार झाला. पुण्याच्या कारागिराची विद्या समुद्र ओलांडून गेली ती चित्राच्या आधाराने. पण एका चित्रात एकच क्षण असतो. दोन क्षणांमधली हाताची हालचाल कार्प्यूंना अंदाजाने भरून काढावी लागली.

हालचाल पाहावयाची तर प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात जावे लागे. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातील १८२२ चे असे एक गृह आजही संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. मध्ये लाकडी मेज आणि सभोवार अर्धवर्तुळाकार पायऱ्या, त्यांवर दाटीने उभे विद्यार्थी. वरच्या पायरीवरून दिसे ते बहुधा गुरूच्या साहाय्यकांच्या पाठी!

या अडचणीवर पॅरिसच्या डॉ. युजेन द्वायाँ यांनी १८९८ साली उपाय काढला. त्यांनी आपल्या शस्त्रक्रियांचे चलच्चित्र घेतले आणि त्याच वर्षी एडिंबरो येथे ब्रिटिश वैद्यकांच्या सभेत दाखविले. स्वतःचे काम पडद्यावर पाहून आपल्याच हातातील अनावश्यक हालचाली आपल्याला उमगल्या, असे त्यांनी सांगितले आहे. मला त्यांचा हा अनुभव त्यांच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. परंतु याच कथेत एक खेदाचा भाग आहे. ओरिसात जन्मलेल्या व युरोपात तमाशासारख्या दाखविल्या जाणाऱ्या राधिका आणि दूधिका या जोडलेल्या बहिणींना त्यांनी फेब्रुवारी १९०२ मध्ये वेगळे केले. दूधिका काही दिवसांतच वारली, राधिका पुढल्या वर्षी. त्या क्रियेचे चित्र जत्रांतून पैसे घेऊन दाखविले गेले. चित्रकाराने प्रती परस्पर विकल्या म्हणून द्वायाँ न्यायालयात गेले व १९०५ साली जिंकले. मुलींची संमती कोणी विचारल्याचे मात्र ऐकिवात नाही. परक्या देशी नेलेल्या माणसांच्या देहाचे काय होते, हे आपल्याला वेगळे सांगणे नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर दूरदर्शन आले, मग घरोघरी व्हिडिओ आला. आता कॅमेरा शस्त्रवैद्याच्या खांद्यामागून पाहतो. त्यामुळे विद्यार्थ्याला उजवा हात उजवाच दिसतो, आरशातल्यासारखा उलट नव्हे. सुई त्वचेत काटकोनात शिरते, मनगट सुईच्या वाकाबरोबर फिरते, गाठीचा दुसरा वेढा पहिल्याच्या विरुद्ध दिशेने पडतो: तसा न पडल्यास गाठ सरकते आणि जखम उघडते. हे सारे मंद गतीने, थांबवून, दहादा पाहता येते.

एवढ्याने भागते काय? १९९८ साली अमेरिकेत नवशिक्या विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना झाली. संगणकावरून शिकलेल्यांनाही गाठ मारता आली, परंतु ज्यांच्या हाताकडे पाहून शिक्षकाने चुका सांगितल्या, त्यांच्या कामात सफाई अधिक होती. २००७ साली टोरोंटोच्या प्रयोगात निराळी गोष्ट आढळली. सराव चालू असताना सतत सूचना मिळालेल्यांचे कौशल्य महिन्याभरात ओसरले; व्हिडिओवर शिकलेल्यांचे, तसेच शेवटी एकत्रित सूचना मिळालेल्यांचे टिकले. शाळेत पदोपदी ओरडणाऱ्या आम्हा शिक्षकांनी यावर विचार करावा!

मॉरिशससारख्या बेटाला हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. शर्तबंद मजुराचे पुत्र शिवसागर रामगुलाम यांना वैद्यक शिकण्यासाठी १९२१ साली लंडन गाठावे लागले. त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय बेल रिव्ह येथे १९९९ साली निघाले. जगातील कुशल हात आता आपल्या मुलांना घरबसल्या दिसतात. त्यांचे हात पाहणारा मात्र येथेच लागतो, किंवा विद्यार्थ्याने आपल्याच हातांचे चित्रण करून दूरच्या गुरूकडे पाठवावे लागते. लंडनच्या कार्प्यूंना ही सोय नव्हती. त्यांनी वीस वर्षे सराव केला, आणि त्यांचा हात पाहून चूक सांगू शकेल असा तो कारागीर पुण्याजवळ, सात समुद्रांपलीकडे होता.