दिनविशेष : १३ ऑगस्ट

१३ ऑगस्ट १७२७, बुधवार. सॅक्सनीतील काउंट त्सिंत्सेनडॉर्फ यांच्या जहागिरीत आश्रयास राहिलेली, परंतु पंथभेदाच्या वादांनी दुभंगलेली हेर्नहूटची ख्रिस्ती वसाहत शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फच्या उपासनामंदिरात प्रभुभोजनासाठी जमली. आणि परवापर्यंत परस्परांवर पाखंडाचा आरोप करणारी माणसे तेथे सद्गदित होऊन एकमेकांची क्षमा मागू लागली. त्याच महिन्याच्या २७ तारखेस २४ पुरुष व २४ स्त्रियांनी अहोरात्रीचे तास वाटून घेऊन अखंड प्रार्थनेचा जो क्रम आरंभिला, तो शंभराहून अधिक वर्षे चालला.

या घटनेचे मोल आजही कमी झालेले नाही, कारण तेथे कोणत्याही पक्षाने आपला सिद्धांत सोडून दिल्याची नोंद नाही. ल्यूथरपंथी ल्यूथरपंथीच राहिला. बदलले ते अंतःकरण, आणि तेही दुसऱ्याच्या दोषांची फेरिस्त वाचून नव्हे, तर स्वतःच्या पापाची कबुली देऊन. ऐक्याचे तहनामे लिहिणाऱ्या आणि त्याच वेळी मिळकतींचे दावे अदालतीत लढविणाऱ्या आजच्या मंडळ्यांनी हा अनुक्रम नीट पाहावा, असे मनापासून वाटते. हेर्नहूटच्या त्या मूठभर लोकांमधून १७३२ साली पहिले मिशनरी वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटावरील गुलामांकडे गेले. आणि त्याच वसाहतीतून पुढे वाढलेल्या मोरेव्हियन परंपरेने १८८५ साली आपल्या लडाखमधील लेह येथेही आपले ठाणे उभारले, जेथे ती मंडळी आजही उपासनेस जमते.