शुश्रूषेचें वेतन

ज्या घरांत एकादें माणूस अंथरुणास खिळलेलें असतें त्या घरांत दुसरें एक माणूस त्या अंथरुणाशीं बांधलें गेलेलें असतें. पहिल्याची नोंद वैद्याच्या वहींत होते. दुसऱ्याची बहुधा कोठेंच होत नाहीं. आमच्या थोरल्या भगिनीनें मातोश्रींच्या अर्धांगवायूच्या दुखण्यांत नोकरी सोडली व सात वर्षें त्यांची सेवा केली. मातोश्री निवर्तल्यावर तिनें पुन्हां नोकरी धरली, तेव्हां तिच्या सेवापुस्तकांत त्या सात वर्षांपुढें 'खंड' एवढाच शब्द पडला. त्या एका शब्दानें आम्हांस विचारांत पाडलें. इंग्लंडचा सामाजिक इतिहास शिकवितांना आम्ही पुष्कळ वर्षें तेथील गरिबांच्या कायद्याविषयीं बोलत आलों. परंतु रुग्णाच्या उशाशीं कोण बसलें होतें, आणि बसणाराचें पोट कोण भरीत होतें, हा प्रश्न आम्हीं त्या कायद्यास कधीं विचारला नव्हता.

एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीच्या अखेरीस, इ. स. १६०१ मध्यें, जो प्रसिद्ध कायदा झाला त्यानें अपंग व निराधार माणसाच्या पोषणाचा भार त्याच्या आईबापांवर, आजाआजींवर व मुलांवर टाकला. हे नातलग नसतील किंवा ऐपतदार नसतील तर तो भार पॅरिशवर, म्हणजे त्या त्या चर्चच्या हद्दींतील करदात्यांवर, येई. कायद्याचे शब्द कठोर आहेत. पण त्यांतील व्यवहार तितका कठोर नव्हता. पॅरिशचे जमाखर्च आजहि उपलब्ध आहेत व ते मोठे बोलके आहेत. अमक्या म्हातारीजवळ रात्रीं बसण्याबद्दल शेजारणीस इतके पेन्स, तमक्याचे कपडे धुण्याबद्दल इतके, आणि कधीं कधीं खुद्द लेकीलाच आईच्या शुश्रूषेबद्दल कांहीं शिलिंग, अशा नोंदी त्यांत सांपडतात. घरच्या सेवेस सार्वजनिक पैशांतून मोबदला द्यावा ही कल्पना विसाव्या शतकांतील सुधारकांनीं काढली अशी जी समजूत आहे ती, तेव्हां, चुकीची ठरते. गांवच्या देखरेख्याला ती तीनशें वर्षांपूर्वींच ठाऊक होती, आणि त्यांत त्याला कांहीं तत्त्वज्ञान आहे असेंहि वाटत नव्हतें. वर्कहाउसांत नेऊन ठेवण्यापेक्षां शेजारीण स्वस्त पडे, एवढाच त्याचा हिशेब.

हा हिशेब इ. स. १८३४ सालीं मोडला. त्या वर्षींच्या राजनियुक्त मंडळाच्या अहवालांत, कांहीं ठिकाणीं मायलेंकरेंसुद्धां पैसे मिळाल्यावांचून एकमेकांची शुश्रूषा करीत नाहींत, अशी तक्रार आहे. आणि आईबापांस पोसण्याचें जें कर्तव्य रानटी लोकहि पाळतात तें युरोपांत एकट्या इंग्लंडांत उपेक्षिलें जातें, असा खेदहि आहे. आमच्या वाचकांस गंमत वाटेल ती ही कीं, हिंदुस्थानांतील एकत्र कुटुंब मोडत चालल्याबद्दल आपल्याकडे जीं व्याख्यानें होतात, तींच बहुतेक त्याच वाक्यांत तेथें तेव्हां होत होतीं. घरीं बसून मिळणारी मदत म्हाताऱ्यांच्या बाबतींत लगेच बंद झाली नाहीं. तिच्यावर खरी कुऱ्हाड १८७० नंतर पडली. तेव्हां अधिकाऱ्यांनीं घरपोंच मदतीविरुद्ध जणूं मोहीमच उघडली आणि दरिद्री मुलांवर आईबापांच्या पोषणासाठीं फिर्यादी होऊं लागल्या. मुलगा स्वतःच्या लेंकरांचे घांस काढून दंडाधिकाऱ्यापुढें शिलिंग मोजी, आणि बाप त्याच्या दारीं येण्यास लाजे. ज्या कुटुंबप्रेमाच्या रक्षणासाठीं हें सारें चाललें होतें त्याला याहून मोठा धक्का दुसऱ्या कशानें बसला असता, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

याच काळांत एक चांगली गोष्ट सरकारबाहेर घडली. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी १८५९ सालीं वारली. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका मेरी रॉबिन्सन हिला रॅथबोन यांनीं तीन महिन्यांसाठीं गरिबांच्या घरीं जाऊन सेवा करण्यास नेमलें. महिना होतांच ती परत आली आणि पाहिलेलें दैन्य सोसवत नाहीं, मला मोकळें करा, म्हणूं लागली. रॅथबोन यांनीं तिला धीर दिला, तीं राहिली, आणि तीन महिन्यांनीं काम सोडण्यास तीच तयार होईना. यांतून घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांची संस्था उभी राहिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें तिला हातभार लावला आणि १८८७ च्या ज्युबिलीप्रसंगीं स्त्रियांनीं राणीस दिलेल्या देणगींतून ७०,००० पौंड त्या कार्यास मिळाले. परंतु परिचारिका तासाभराकरितां येई. उरलेले तेवीस तास घरच्या बाईचेच राहिले.

इ. स. १९०९ च्या पहिल्या दिवसापासून सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांस आठवड्यास पांच शिलिंग पेन्शन मिळूं लागलें. पुढें १९४२ सालीं बेव्हरिज यांचा अहवाल आला. बेव्हरिज यांचा जन्म बंगालांतील रंगपूरचा, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. त्यांच्या योजनेंत विवाहित स्त्रीच्या गृहकृत्याचा गौरव पुष्कळ आहे, पण तिचा विमा नवऱ्याच्या वर्गणीच्या आधारें. अखेर १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्याच्या कायद्यानें जुना गरिबांचा कायदा रद्द केला आणि आईबापांस पोसण्याची मुलांवरील कायदेशीर सक्ती उठली. मग मुलें आईबापांस टाकून निघून गेलीं काय? त्याच वर्षीं शेल्डन नांवाच्या डॉक्टरांनीं वुल्व्हरहॅम्प्टन येथील वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली, आणि पीटर टाउनसेंड यांनीं लंडनच्या बेथ्नल ग्रीन भागांतील वृद्धांविषयींचा ग्रंथ १९५७ सालीं. दोघांसहि आढळलें तें हेंच कीं, म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था म्हणजे लेक होय. सक्ती गेली, सेवा राहिली. सरकारनें मात्र आपला पैसा आश्रम व इस्पितळें यांत घातला. घरीं अन्न पोंचविण्याचा अधिकारसुद्धां नगरसंस्थांना स्वतः होऊन १९६२ पर्यंत नव्हता.

येथें मेरी वेब्स्टर ही बाई पुढें येते. ती एका ख्रिस्ती पंथाची उपदेशिका होती. १९५४ सालीं आईबापांच्या शुश्रूषेसाठीं तिनें आपलें काम सोडलें. १९६३ सालीं तिनें वृत्तपत्रांत एक पत्र लिहून आपल्यासारख्या अविवाहित मुलींची स्थिति मांडली: नोकरी गेली, शिल्लक संपली, आणि आईबाप गेल्यावर वृद्धापकाळीं पेन्शनहि अपुरें. देशभरांतून पत्रांचा पाऊस पडला. १९६५ सालीं तिनें अशा स्त्रियांची संस्था स्थापिली. १९६७ सालीं करांत थोडी सवलत मिळाली. १९६९ सालीं ती वारली. १९७१ सालीं शुश्रूषाभत्ता सुरू झाला, तो रोग्याच्या हातीं. सेवा करणाऱ्याच्या हातीं पडणारा भत्ता १९७६ सालीं आला, आणि १९७८ पासून घरच्या जबाबदारींत गेलेलीं वर्षें पेन्शनच्या हिशेबांत सांभाळलीं जाऊं लागलीं. आमच्या भगिनीच्या पुस्तकांतील 'खंड' या शब्दाला जें उत्तर हवें होतें तें हें.

परंतु १९७६ च्या भत्त्यांत एक विलक्षण अट होती. आठवड्यास पस्तीस तास सेवा करणारा पुरुष त्यास पात्र, अविवाहित स्त्री पात्र. विवाहित स्त्री मात्र अपात्र, कारण ती तशीहि घरींच असते! हें आमचें विडंबन नव्हे. सरकारच्या प्रतिपादनाचा आशय हाच होता. ड्रेक नांवाच्या एका विवाहित बाईनें १९८४ सालीं आईसाठीं नोकरी सोडली, भत्ता मागितला व नकार येतांच दाद मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलें. २४ जून १९८६ रोजीं निकाल तिच्या बाजूनें लागला. आदल्याच दिवशीं सरकारनें विवाहित स्त्रियांसहि भत्ता देण्याचें जाहीर करून आपली अब्रू कशीबशी वांचविली होती.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. खाजगी वृद्धाश्रमांच्या फीपोटीं सरकारी खजिन्यांतून जाणारी रक्कम १९७९ मध्यें सुमारें एक कोटी पौंड होती, ती दहा वर्षांत शंभर कोटींवर गेली. घरीं राहणाराला थोडें व आश्रमांत जाणाराला मुबलक, असा उलटा न्याय झाला. तो सुधारण्यास १९९० चा कायदा झाला. १९९५ च्या कायद्यानें सेवा करणाऱ्याची गरज तपासण्याचा हक्क दिला, पण तपासणीनंतर कांहीं द्यावेंच असें नाहीं. तो उणेपणा २०१४ सालीं भरून निघाला. भत्त्याचा दर २०२५ सालीं आठवड्यास ८३.३० पौंड होता. पस्तीस तासांनीं भागल्यास तासास अडीच पौंडांहूनहि कमी. त्याच वर्षीं प्रौढ कामगाराचें किमान वेतन तासास १२.२१ पौंड होतें. शिवाय बाहेरची कमाई ठराविक मर्यादेवर एका पौंडानें गेली तरी त्या आठवड्याचा सारा भत्ता बुडे.

जपाननें २००० सालीं शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला तेव्हां घरच्यांस रोख रक्कम देण्याचें मुद्दाम नाकारलें. पैसा घरांत आला कीं सुनेचें बंधन अधिकच आवळेल, असें तेथील स्त्रियांच्या पुढाऱ्यांनीं बजावलें होतें. जर्मनीनें १९९५ सालीं उलट मार्ग धरला: घरीं राहणाऱ्या रोग्यास रोख रक्कमहि घेतां येते, आणि सेवा करणाऱ्या नातलगाची पेन्शनची वर्गणी विमा भरतो. जपानी सुनेची भीति आम्हांस खोटी वाटत नाहीं. आपल्या घरांत ती कोणास खोटी वाटेल? तरीहि आमचें मत जर्मनीकडे झुकतें. आपल्याकडे २००७ चा कायदा मुलांना आईबापांच्या पोषणाची सक्ती करितो, म्हणजे इंग्लंडनें १६०१ सालीं जें पाऊल टाकलें व १९४८ सालीं मागें घेतलें तें आपण टाकलें आहे. पोसणाऱ्याविषयीं तो बोलतो. अंथरुणाशीं बसणारीविषयीं बोलत नाहीं.

इंग्लंड व वेल्सच्या २००१ च्या जनगणनेंत प्रथमच हा प्रश्न विचारला गेला: आपण एकाद्या रुग्णाची वा वृद्धाची विनावेतन शुश्रूषा करितां काय? बावन्न लाख लोकांनीं होय म्हणून उत्तर दिलें. आम्हीं हा आंकडा भगिनीस दाखविला. तिनें तो वाचला आणि विचारलें, "यांत रात्रीचे तास धरले आहेत का रे?" आम्हीं पत्रक काढून पाहिलें. आठवड्याचे १ ते १९ तास, २० ते ४९, आणि ५० किंवा अधिक, असे तीन रकाने होते. रात्रीचा निराळा रकाना नव्हता.