गढूळ पाण्याचा हिशेब
हुगळीच्या मुखातून समुद्रात जाणारा गाळ पूर्वी होडीतून बाटल्या भरून मोजला जाई. प्रत्येक बाटलीत एका जागेचे, एका क्षणाचे पाणी. २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून ओशनसॅट-१ झेपावला. खास समुद्राच्या अभ्यासासाठी घडवलेला हा भारताचा पहिला उपग्रह. स्वच्छ पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, गाळाचे कण तो परत उधळतात. या फरकावरून गढूळ पाण्याचा अख्खा पट्टा दर दोन दिवसांनी, ३६० मीटर तपशिलाने दिसू लागला. एक उणीव मात्र राहिली : नद्या सर्वाधिक गाळ आणतात त्या पावसाळ्यातच ढग समुद्र झाकून टाकतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या ज्या गाळावर सुंदरबन उभे आहे, त्याचा हिशेब लावताना म्हणूनच उपग्रहाला आजही होडीची साथ लागते.