खानेसुमारीतला भाषेचा रकाना

'जनगणना' हा शब्द रूढ होण्याआधी मराठीत 'खानेसुमारी' हा शब्द होता. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. दोन्ही शब्द फारसी. मराठी मुलखातली घरेदारे मोजायला फारसी शब्द बिनतक्रार चालला. फारसी-अरबी नावाच्या माणसाला मात्र आजही 'तुमचं मराठी छान आहे हो' असे कौतुक ऐकून घ्यावे लागते. असो.

हिवरा आश्रम हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे सर्वांना माहीत आहे. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला तिथे पुरी आणि वांग्याच्या भाजीची मोठी पंगत बसते. तिथे माणसे मोजली जातात ती पानांवरून. कोणत्या रकान्यातला माणूस कोणाशेजारी बसला हे कोणी लिहून घेत नाही. सरकारी मोजणीला मात्र रकाने लागतात. या परिसराचा त्या रकान्यांतला इतिहास आपण मुस्लिम वाचकांनी तरी एकदा पाहायला हवा.

'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव येते. तिथे हिशेब आहे तो महसुलाचा आणि फौजेचा; रयत किती हे अबुल फज्ल सांगत नाही. माणूस मोजला गेला तो इंग्रजी अमलात. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला आणि १८६७ मध्ये वऱ्हाडात पहिली जनगणना झाली. देशाची पहिली मोजणी १८७२ ची. वऱ्हाड पाच वर्षे पुढे होते. कापसाच्या या सुपीक मुलखात किती हात आहेत आणि किती सारा निघेल, ही सरकारची मुख्य उत्सुकता होती.

पुढच्या मोजण्यांतला एक आकडा मात्र अंगावर येतो. १८९१ मध्ये मेहकर तालुक्याची लोकसंख्या १,५३,०४६ होती. १९०१ मध्ये ती १,२०,७९२ भरली. दहा वर्षांत बत्तीस हजारांवर माणसे कमी, म्हणजे पाचातले एक. (तेव्हाचा तालुका मोठा होता, लोणारही त्यातच होते.) साऱ्या बुलढाणा जिल्ह्याची घट १२ टक्क्यांच्या आसपास, मेहकरची २१. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडून गेले होते. कमी झालेल्यांत मेले किती आणि पोट घेऊन परमुलखात गेले किती, याला रकाना नव्हता.

त्या आकड्यात मोमीनही असणार. मेहकरचे मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते की गावाभोवतीचा कोट त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधला, आणि वेशीवरच्या लेखाचा काळ इ. स. १४८८ येतो, असे इंग्रजी गॅझेटियरने नोंदवले आहे. मेहकरची धोतरे नावाजलेली होती. धोतर विणणारा मुसलमान आणि नेसणारा कुणबी-माळी, असा तो गावगाडा. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३ चा दुष्काळ यांनी गाव उजाड केले, आणि त्यातून जे माग सावरले त्यांच्यापुढे गिरणीचा कपडा उभा राहिला. आज मेहकरचे नाव निघते ते शारंगधर बालाजीच्या मूर्तीसाठी. ते योग्यच आहे. पण कोट बांधणाऱ्यांची आठवणही त्याच गावाची आहे.

आता भाषेकडे वळू. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ आहे. त्यात मुसलमान साधारण १४ टक्के. मातृभाषा उर्दू सांगणारे दहा टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे जिल्ह्यातल्या बहुसंख्य मुस्लिम घरांपुढे 'उर्दू' लिहिले गेले. आमच्या दारातला प्रसंग आठवतो. प्रगणक सज्जन होता. नाव विचारले, लिहिले. भाषा विचारलीच नाही, लिहिली. नावातून त्याला ती कळली होती.

जनगणनेच्या व्याख्येने मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जी आपल्याशी बोलली ती. वऱ्हाडी मुसलमानाची आई काय बोलते? 'नक्को', 'अइसाच', 'मेरेकू'. हा 'नक्को' मराठीतून आला, 'अइसाच'मधला 'च' तर शुद्ध मराठीचा. ती दखनी आहे. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात वऱ्हाडी मराठीच्या खंडात (१९०५) आली आणि दखनी पश्चिमी हिंदीच्या खंडात (१९१६). दोन वेगळे ग्रंथ झाले. घरात मात्र अंगणात 'मले-तुले' आणि चुलीपाशी 'मेरेकू-तेरेकू' एकाच जिभेवर नांदतात. आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत दखनी नाही. उर्दू आहे, आणि उर्दू ही आपल्या मदरशाची, शाळेची, मुशायऱ्याची प्रिय भाषा आहेच. तिच्याशी भांडण नाही. पण १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवणारा समाज या कोष्टकात दिसत नाही, हे खटकते. अर्जावर मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांची जागा असते. तिथे 'मराठी' सांगायचे आपल्याच लोकांच्या लक्षात राहत नाही.

रकाना सरकारचा असला तरी उत्तर आपले असते. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि १९६१ च्या मोजणीत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या २७ लाखांवर गेली. दहा वर्षांपूर्वी ती नगण्य होती. खेड्यापाड्यांतल्या माणसांनी प्रगणकासमोर 'बौद्ध' हा शब्द उच्चारला म्हणून तो आकडा झाला. बुलढाण्यात आज बौद्धांचे प्रमाणही मुसलमानांच्या जवळपास आहे.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन, आणि १९३१ नंतर प्रथमच त्यात सर्वांची जात विचारायचे ठरले. 'इस्लाममध्ये जात नाही' हे धर्माचे सत्य आणि मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार हे रोजच्या जगण्याचे वास्तव, यांतला तिढा शब्बीर अन्सारींच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने कधीच चव्हाट्यावर मांडला आहे. दारात नुसते 'शेख' म्हणून मोकळे व्हायचे, की मोमीन म्हणायचे? भाषेला काय सांगायचे? हे मोहल्ल्यात आधी बोलून घ्यावे लागेल. प्रगणक एका घरापाशी फार वेळ थांबत नाही.