धवलेरीची सोबत

एकाकीपणावर उपाय म्हणून यंत्र पुढे आले, हा इतिहास फार जुना नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संभाषण करणारा संगणकीय प्रोग्रॅम जगापुढे मांडला. माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली, तेव्हा अस्वस्थ झाले ते स्वतः वायझेनबाउम. १९७६ च्या ग्रंथात त्यांनी ती अस्वस्थता नोंदवली. २००५ मध्ये जपानात 'पारो' विक्रीस आला. सीलच्या पिलासारखा हा यंत्रमानव स्पर्शाला आणि आवाजाला प्रतिसाद देतो. वृद्धाश्रमांतून त्याचा वापर होतो.

अशा वेळी आठवते ती डहाणू-तलासरीच्या वारली समाजातील धवलेरी. लग्न लावण्याचा मान तिचा. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी अवतरते आणि धवलेरी गाणी म्हणते. ही गाणी पोथीत नाहीत, कंठात आहेत. त्यामुळे जाणतेपणाला तेथे मोल आहे. तिच्याभोवती माणसे जमतात ती दयेपोटी नव्हे. तिच्यावाचून कार्य अडते म्हणून.

आज पावसाळा सरला की पाड्यांवरची तरुण माणसे वीटभट्ट्यांवर, मासेमारीच्या बोटींवर कामाला जातात. मागे म्हातारी माणसे उरतात. यंत्र त्यांच्या हाकेला ओ देईल, त्यांचे शब्द साठवूनही ठेवील. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु धवलेरीला हवी असते ती शेजारी बसून, चुकतमाकत का होईना, गाणे उचलणारी मुलगी.