खोली, ब्लॉक, फ्लॅट

आमच्या आजोबांच्या पिढीत मुंबईला आलेला माणूस घर 'विकत घेत' नसे. तो खोली 'मिळवायचा' आणि बिऱ्हाड करायचा. वडिलांच्या पिढीने 'ब्लॉक घेतला', आम्ही 'फ्लॅट बुक केला' आणि आता भाचरं पहिला प्रश्न विचारतात, "कार्पेट किती?" गंमत म्हणजे यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे एकेक कायदा उभा आहे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला मोठा आधार झाला, पण मालकाचा दुरुस्तीतला रस संपला आणि भाड्यासाठी चाळ बांधणं परवडेनासं झालं. मग पगडी फोफावली. एकरकमी पैसे मोजून खोलीत शिरायचं, वर महिन्याचं भाडंही द्यायचं. व्यवहार बेकायदा, त्यामुळे पावती कसली मागता! त्याला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या कायद्याने.

मालकीची वाट तशी जुनी. गावदेवीची सारस्वत सहकारी सोसायटी १९१५ ची. पण बिल्डरकडून फ्लॅट घेणं रुळलं आणि फसवणूकही वाढली, तेव्हा १९६३ मध्ये 'मोफा' आला. नोंदणीकृत करार केल्याशिवाय २० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, आणि पुढे जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची. याला कन्व्हेयन्स म्हणतात. बिल्डर ते टाळत राहिले, म्हणून २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय करावी लागली. २०१६ च्या रेराने करारापूर्वीची रक्कम १० टक्क्यांवर आणली आणि 'सुपर बिल्टअप'च्या धुक्यातून कार्पेट बाहेर काढलं.

हे सगळं आठवायचं कारण भाची. मागच्या वर्षी तिला दोन जुने फ्लॅट पसंत पडले. एकाला लिफ्ट, छान बाल्कनी, पण इमारत तीस वर्षांची होऊनही जमीन बिल्डरच्याच नावावर. दुसरा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण कन्व्हेयन्स झालेलं. तिने दुसरा घेतला. ताईचे गुडघे दुखतात, ती अजून कुरकुरते, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की ज्याची जमीन त्याचा शब्द चालणार. भिंती जुन्या होतात हो, जमीन नाही.

असो. लांबलं जरा. पण घर बघायला निघालात तर टाइल्स आणि मॉड्युलर किचन नंतर बघा. आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला एवढंच विचारा, "जमीन कुणाच्या नावावर आहे?" उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, त्यावरूनही बरंच कळतं.